गादी न सोडणारे मामाजी

भांड्यांच्या दुकानात उतरंडीतलं मधलंच एक भांडं ओढलं की सगळीच खणखणत अंगावर येतात. आमच्या मामाजींच्या गोष्टींचं तसंच आहे. सासुरवाडीला आम्ही जावई मंडळी बसलो आणि कुणी नुसतं "मामाजींचं ते ऐकलं का?" म्हटलं, की चहा गार होतो, जेवणं लांबतात आणि आतून बायका ओरडायला लागतात.

मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्या वऱ्हाडात जावई सासऱ्याला मामाजी म्हणतो आणि सासूला मामी. मोताळ्याच्या बाजारगल्लीत त्यांचं भांड्यांचं दुकान आहे. उभ्या गावात त्यांची ख्याती एकच, "माणूस मोठा कुटुंबवत्सल!" असं म्हणणाऱ्यांत त्यांच्या कुटुंबातलं कुणीही नसतं, तेवढं लक्षात ठेवा.

*

मी मुलगी पाहायला गेलो तो बाजाराचा दिवस होता. बाजाराच्या दिवशी दुकान सोडून घरी जायचं म्हणजे मामाजींच्या मते पाप. म्हणून मुलगी दाखवायचा कार्यक्रम दुकानातच! मला एका उपड्या हंड्यावर बसवलं. नंदा चहा घेऊन आली. मी मान वर करून तिच्याकडे पाहतोय, तेवढ्यात मागून कुणीतरी परातीचा भाव विचारला.

मामाजी गादीवरूनच म्हणाले, "पोरगी पसंत असन तं सांगा जवाईबापू, नाही तं जरा बाजूले सरका. बाईले परात दिसून नाही राह्यली."

मी "पसंत आहे" म्हणालो आणि बाजूलाही सरकलो. लग्नाला आता बरीच वर्षं झाली, पण त्या घरात मी अजून बाजूलाच आहे.

*

दरवर्षी मामाजी सगळ्या कुटुंबाला देऊळगाव राजाला बालाजीच्या यात्रेला न्यायचे. जीप ठरवायचे, दशम्या बांधायला लावायचे. गाव म्हणायचं, "पाहा, फॅमिलीवर जीव असावा तर असा!"

जीपमध्ये पोरांच्या मांडीवर काय असायचं हे गावाला दिसत नव्हतं. पेले, वाट्या, चमचे, झारे! यात्रेत पोचलं की मामाजी ताडपत्री टाकून दुकान मांडायचे. मामी चमचे विकायला, लेकी राखणीला आणि सुरेश, म्हणजे मामाजींचा एकुलता एक मुलगा, भाव ओरडायला. संध्याकाळी मामी भीत भीत विचारायची, "आता तरी दर्शनाले जाऊ का?"

"इथून कळस दिसते ना? झालं मंग दर्शन!"

नंदा तर मोठी होईपर्यंत समजत होती की बालाजी हा भांडेवाल्यांचाच देव आहे आणि बाकीचे लोक फक्त खरेदीला येतात.

*

आमच्या वास्तुशांतीला मामाजींनी जावयाला शोभेल असा मोठा हंडा दिला. पाहुण्यांसमोर, फोटो काढून वगैरे. भांड्यावर नाव टाकून द्यायची पद्धत आहेच, म्हणून मी कौतुकाने हंडा फिरवून पाहिला. त्यावर लिहिलं होतं, "कै. गंगूबाई यांच्या स्मरणार्थ".

कुणीतरी ऑर्डर देऊन न्यायलाच आलं नव्हतं! मी मामाजींना बाजूला घेऊन विचारलं, तर ते माझ्यावरच नाराज.

"काऊन, नाव पान्यात उतरते का? हंडा गळत असन तं बोला!"

हंडा काही गळत नाही. नव्या घरातलं पहिलं पाणी आम्ही गंगूबाईंच्याच कृपेने प्यायलो.

*

आता सुरेशचं सांगतो. दुकानात दोन जागा. एक गल्ल्याजवळची गादी, तिच्यावर मामाजी. दुसरं तिच्या बाजूचं लोखंडी स्टूल, त्याच्यावर सुरेश. बी. कॉम. झाल्या झाल्या तो त्या स्टुलावर बसला. मिशी आली, लग्न झालं, मुलगी झाली, तिचंही लग्न झालं, केस पिकले. स्टूल तेच! भाव सांगायचा मामाजींनी, सुरेशने फळीवरून भांडं काढून पुसून द्यायचं.

एकदा मामाजींच्या डोळ्याचं ऑपरेशन बुलढाण्याला झालं. दुसऱ्या दिवशी सुरेशने सकाळी आंघोळ करून नवा शर्ट घातला, गादीवरची चादर बदलली, उदबत्ती लावली. बसायला वाकणार, तेवढ्यात दारात एसटीतून उतरलेले मामाजी, एका डोळ्यावर हिरवी पट्टी!

"अहो बाबा, डॉक्टरनं आराम सांगतला ना?"

"सरक तिकडे. तुह्या दोन डोळ्यांपेक्षा माह्या एका डोळ्याले जास्त दिसते."

त्याच डोळ्याने त्या दिवशी त्यांनी एका बाईला पातेल्यावर झाकण म्हणून परात दिली. पण भाव सोडला नाही.

*

सुरेशने एकदा नॉनस्टिक तवे आणले. मामाजींनी एक तवा उलटापालटा करून पाहिला आणि सगळे परत पाठवले. एकदा खामगावचा मित्र भागीदारीत हॉटेलच्या भांड्यांचं दुकान काढू म्हणाला. सुरेश हो म्हणणार हे कळताच मामाजींनी गादीवरच छातीला हात लावला, "मले सोडून जाते का रे?" म्हणाले आणि आडवे झाले. रडारड सुरू झाली. सुरेश वडिलांचे पाय धरून म्हणाला, "नाही जात बाबा, कुठीच नाही जात."

मामाजींनी एक डोळा उघडला.

"मंग उठ. गिऱ्हाईक उभं हाय."

यावर आम्ही सगळे खूप हसतो. पण खरं सांगतो, मला त्या दिवशी त्या माणसाचा मनापासून राग आला होता. लेकरांवर माया करायची ती इतकी, की त्यांना मोठंच होऊ द्यायचं नाही? आणि मामी! तिने आयुष्यभर या कुटुंबवत्सल माणसासमोर "हो" शिवाय दुसरा शब्द उच्चारलेला मी ऐकला नव्हता.

*

मामाजींना ऐंशी वर्षं पूर्ण झाली. सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा करायचं ठरलं. आदल्या दिवशी सुरेश मला म्हणाला, "भाऊजी, उद्या बाबा गादी सोडतीन तं ठीक. नाही तं मी खामगावले जातो, कोनाच्याही दुकानात नोकरी करतो. त्या स्टुलावर मी म्हतारा झालो, तिथं मरत नाही."

हे त्याने गमतीत म्हटलं नव्हतं. बॅग खरंच भरलेली होती.

सोहळा कुठे? दुकानासमोर! मंगल कार्यालय म्हणजे दुकान बंद, आणि ते तर शक्यच नव्हतं. मामाजींची तुला करायची होती, एका पारड्यात मामाजी आणि दुसऱ्यात त्यांच्याच दुकानातली भांडी. अडत्याकडून मोठा तराजू आणून दुकानाच्या गर्डरला टांगला. मामाजी फेटा बांधून, हार घालून पारड्यात बसले. आम्ही दुसऱ्या पारड्यात पितळी भांडी ठेवायला लागलो, तर हे पारड्यातूनच ओरडले, "पितळ काढा बे! जर्मनचं टाका, जर्मनचं!"

मग जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या भांड्यांचा डोंगर रचला. पारडी सारखी झाली, मामाजी अधांतरी झाले. गुरुजींनी विचारलं, "ही भांडी दान कोणाला द्यायची?"

मामाजी डोळे पुसत म्हणाले, "घरच्याइलेच. कुटुंबापेक्षा मोठं कोन हाय?"

टाळ्या! म्हणजे भांडी परत फळीवर. गादीबद्दल मात्र एक शब्द नाही. आत स्टुलावर बसलेल्या सुरेशचा चेहरा उतरला. मामी ओवाळायचं ताट घेऊन पुढे आली.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत एक खेड्यावरची बाई दुकानाच्या पायरीशी आली. तिला कसला सोहळा न् काय! "मोठं पातेलं हाय का हो?" तिने विचारलं.

सुरेश स्टुलावरून उठला. आम्हाला वाटलं, आता हा बॅग घ्यायला जातो. तो दोन पावलं चालला आणि गादीवर जाऊन बसला.

"सुऱ्या! उठ तिथून!" मामाजी ओरडले. पण पारड्यातून उतरणार कसे? पाय टेकत नव्हते आणि गुरुजींचे मंत्र चालू होते.

"कोनतं पाहिजे बाई?" सुरेशने विचारलं.

बाईने पारड्यातल्या डोंगराकडे बोट केलं. "थे. सगळ्यात वरचं."

"ते तुलेतलं हाय!" मामाजी.

"घरच्याइलेच देल्लं ना बाबा तुम्ही?" सुरेश शांतपणे म्हणाला. त्याने स्वतःच्या मनाने भाव सांगितला, तो मामाजींनी "परवडत नाही, परवडत नाही" म्हणून वरून नाकारला, आणि बाईला तो पटला. सुरेशने उठून पातेलं काढून तिच्या हातात दिलं आणि पुन्हा गादीवर बसला.

मामाजी फेट्यासकट वीतभर खाली आले.

कुणी हसायचं की नाही, हे कुणालाच कळेना. मंत्र थांबले. मामीने ओवाळायचं ताट माझ्या हातात दिलं, पदर खोचला आणि गर्दीकडे वळून मोठ्याने विचारलं,

"अजून कोनाले पाहिजे का हो पातेलं?"