मिलिमीटर आणि त्यांच्या घरची काच

आमच्या शेजारच्या काचवाल्यांना सगळी गल्ली मिलिमीटर म्हणे. बिनचौकटीच्या नक्षीदार काचा भिंतीवर बसवणं हा त्यांचा धंदा. चौकट असली की चूक तिच्याआड लपते, नुसत्या काचेला लपायला जागा नाही, असं ते म्हणत आणि एकेका काचेसाठी अर्धा दिवस भिंतीवर पेन्सिलीच्या खुणा करत बसत. काचेची चार भोकं कारखान्यातच पाडून येतात. भिंतीतली त्यांना तंतोतंत जुळली नाहीत तर काच ताणाखाली राहते आणि एखाद्या दिवशी आपणहून खळकन फुटते.

त्यांच्या स्वतःच्या बैठकीची भिंत मात्र अकरा वर्षं मोकळी होती. वहिनींसाठी हौसेने आणलेली वेलबुट्टीची काच पलंगामागे चादरीत गुंडाळून उभी. दर रविवारी ते माप घेत, आणि दर रविवारी त्यांना मागल्या रविवारचं माप पटत नसे.

शेवटी एका मंगळवारी ते कामावर गेल्यावर वहिनींनी ड्रिल बाहेर काढलं. शिडी मी धरली. भोकांच्या खुणांचा कागद भिंतीला चिकटवून त्यांनी चार भोकं पाडली, रबरी चकत्या घालून काच धरून ठेवणारी स्टीलची बटणं बसवली, आणि पावणेपाचला आम्ही दोघींनी काच चढवली. कागदच जरा कलला होता, त्यामुळे डावा कोपरा तांदळाच्या दाण्याएवढा खाली राहिला. मला तो चष्म्यातूनही दिसला नाही. मिलिमीटरना दारातून दिसला. त्यांनी चपला काढल्या, पाणी मागितलं आणि छान झालंय म्हणाले. त्या दिवसापासून ते जेवायला भिंतीकडे पाठ करून बसू लागले.

पंधरा दिवसांनी एका नव्या सभागृहाचा कंत्राटदार घरी आला. नऊ काचांचं काम होतं. एवढं मोठं काम मिलिमीटरना उभ्या आयुष्यात मिळालं नव्हतं. मी वाटी परत करायला गेले होते, ती तिथेच टेकले. कंत्राटदाराची नजर भिंतीवर गेली आणि मान हळूहळू डावीकडे कलली.

"ही कोणी लावली?"

वहिनी चहा घेऊन दारातच उभ्या होत्या. मिलिमीटर खुर्चीत पुढे सरकले.

"मीच."

तीस वर्षांचं नाव त्यांनी बायकोसाठी पणाला लावलं. माझे डोळे भरून आले. वहिनींनी ट्रे टेबलावर आदळला.

"तुम्ही? अकरा वर्षं नुसत्या रेघा ओढल्यात. हात मोडेस्तोवर ड्रिल मी धरलं, आणि चार माणसं दिसली की काम तुमचं?"

"अगं, कोपरा खाली आहे," ते पुटपुटले.

"मग पंधरा दिवस छान छान कशाला म्हणत होतात?"

कंत्राटदाराने चहाचा घोट घेऊन वहिनींना विचारलं, किती वेळ लागला. एक दुपार, त्या म्हणाल्या. मिलिमीटरना विचारलं, तुम्हाला किती लागेल, तर त्यांनी खिशातून टेप काढली. सभागृहाचं उद्घाटन तीन आठवड्यांवर आलं होतं. काम देतो, पण बाई सोबत पाहिजेत, एवढं सांगून तो उठला.

नऊ काचा आठ दिवसांत लागल्या. ते माप घेत. तिसऱ्यांदा टेप उघडली की वहिनी ड्रिल सुरू करत. परवा मिलिमीटर मला म्हणाले, सगळं ठीक झालं, पण सातवी काच अजून डोळ्यांत खुपते.

"सातवी नाही, चौथी," वहिनी आतून म्हणाल्या.