सामायिक लॅपटॉप

माझ्या चुलतभावाचा हात माझ्यापेक्षा जलद चालायचा, ही माझी जुनी तक्रार. मोबाईलवर आम्ही दोघं एकाच बंदुकांच्या गेममध्ये, एकाच टीममध्ये, ओट्यावर पाठीला पाठ लावून बसायचो. मी लवकर मरायचो, तो शेवटपर्यंत राहायचा. वर म्हणायचा, "तिकडं जाऊ नको म्हणलं व्हतं ना राव." हे तो प्रेमानं म्हणायचा, म्हणून तर जास्त राग यायचा. मी सांगायचो, तुझा मोबाईल चांगला आहे. तो हसून मोबाईल माझ्या हातात द्यायचा, आणि त्याच्या मोबाईलवरही मी मरायचो.

आमचं गाव जुन्नर तालुक्यात, पिंपरी पेंढारच्या अलीकडं. आमची दोन घरं, मध्ये एक बांध. त्याचे वडील म्हणजे माझे चुलते. रान वाटून झालंय, विहीर मात्र सामायिक राहिली. विहिरीचे वार ठरलेले आहेत. सोमवार ते बुधवार चुलत्यांचे, गुरुवार ते शनिवार आमचे, रविवार आलटून पालटून. मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीला कुलूप आहे, त्याची किल्ली एकच, ज्याचा वार त्याच्या खिशात. आणि एक नियम आहे, जो कुठं लिहिलेला नाही पण शेंबड्या पोरालाही पाठ आहे. आपला वार सोडायचा नाही. रान भिजलेलं असलं, पिकाला पाणी नको असलं, तरी ज्याचा वार तो मोटार चालू करतो आणि पाणी पडीक रानात जाऊ देतो. "एकदा सोडला की समोरचा धरून चालतो," असं माझे वडील म्हणायचे. कुणी कुणाला आपला वार दिलाय, हे मी तोवर कधी पाहिलं नव्हतं.

मी मंचरला कॉलेजात होतो आणि तो नारायणगावजवळ भाजीच्या पॅकिंग शेडवर कामाला, तेव्हाची ही गोष्ट. दोघांनाही मोबाईल सोडून खरा गेम खेळायचा होता. पैसे दोघांकडंही अपुरे. एकेकट्यानं घेतलं तर बिलं छापण्यापुरता कॉम्प्युटर आला असता. मग तोच म्हणाला, "दोघं मिळून एक घेऊ. विहीर चालती तसं चालवू."

कल्पना त्याची, म्हणजे पहिल्यापासूनच माझ्या पोटात दुखायला सुरुवात.

त्यानं वहीच्या कागदावर यादी करून आणली. प्रोसेसर कुठला, ग्राफिक्स कार्ड कुठलं, रॅम किती, पॉवर सप्लाय, चोवीस इंची मॉनिटर, सगळं. डेस्कटॉप. मला समजावून सांगायला लागला, जसं काही मी व्हिडिओ बघितलेच नव्हते. "आपल्या पैशात लॅपटॉप घेतला तर कार्ड नावाला तेच येतं, पण ताकद निम्मी. त्या चपट्या डब्यात त्याला श्वास घ्यायला जागा न्हाई. तापलं की आपोआप हळू व्हतं. डेस्कटॉपचं उद्या कार्ड बदलता येतं, रॅम वाढवता येती. लॅपटॉप घेतला तसा आयुष्यभर." त्याचा शब्द न शब्द खरा होता. मलाही तेच वाटत होतं, त्याच्या आधीपासून वाटत होतं.

पण डेस्कटॉप ठेवणार कुठं? त्यांचं घर स्लॅबचं, इन्व्हर्टर असलेलं, आमच्यावर तेव्हा पत्रा. उन्हाळ्यात आमच्या खोलीत माणूस शिजायचा, तिथं मशीन काय टिकणार? म्हणजे डेस्कटॉप त्याच्या खोलीत, त्याच्या टेबलावर, आणि मी माझ्या वाराला बांध ओलांडून पावण्यासारखा जाणार, त्याच्या खुर्चीवर बसणार, चुलती चहा आणून देणार. आणि त्याचा वार नसताना मशीन त्याच्या उशाशी! हे चित्र डोळ्यासमोर आलं की माझं डोकं फिरायचं.

"लाईट जाती," मी म्हणालो. "लॅपटॉपला बॅटरी असती."

"बॅटरीवर गेम चालवला की वेग पडतो. आणि घंटाभर पण टिकत न्हाई."

"कॉलेजला नेता येतो."

"गेम खेळायला कॉलेजला?"

हरत आलेला माणूस जे करतो ते मी केलं. म्हणालो, "मग राहू दे. माझे पैसे मी वेगळे काढतो."

त्यानं कागद पुढ्यात ओढला. "बरं," म्हणाला, "लॅपटॉप." यादीची घडी घालून त्यानं शर्टाच्या खिशात ठेवली. फाडली नाही, हे मी बघितलं होतं.

पुण्याला जाऊन घेतला. दुकानातला माणूस सरळ होता बिचारा. म्हणाला, "गेमच खेळायचाय ना? घरीच वापरणार ना? मग डेस्कटॉप का नाही घेत?" माझे कान तापले. भावानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि त्याला सांगितलं, "आमचं फिरतीचं काम हाय, साहेब." माझ्यासाठी खोटं बोलला. एसटीत खोका आम्ही दोघांच्या मांड्यांवर आडवा ठेवला होता आणि आळेफाट्यापर्यंत कुणी पाय हलवला नाही.

वार विहिरीचेच लावले. बुधवारी संध्याकाळी तो बांधावर बॅग घेऊन यायचा, आत चार्जर आणि माऊस. लॅपटॉपनं त्याच्या यादीचा शब्द खरा केला. अर्ध्या तासात बटणं चटका देण्याइतकी तापायची, पंखा फवारणीच्या पंपासारखा ओरडायचा आणि ऐन मोक्याला चित्र अडखळायचं. मी शिव्या घालायचो, कुणाला ते विचारू नका. तो मात्र त्याच्या वाराला लॅपटॉप दोन विटांवर ठेवायचा, शेजारी टेबलफॅन लावायचा, आणि खेळायचा.

गुरुवारी मी उघडला की गेममधला त्याचा क्रमांक दिसायचा. तीन दिवसांत वर गेलेला. तेच मशीन, तेच अडखळणं, तोच ताप, आणि हा वर कसा जातो? मोबाईलच्या वेळी म्हणता तरी यायचं की तुझा फोन चांगला. आता ते पण तोंड राहिलं नाही. जळणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. ताटावर बसलो तरी त्याचाच क्रमांक डोळ्यासमोर.

मग मी एक सुरू केलं. माझ्या वाराला मंचरला प्रॅक्टिकल असलं की मी लॅपटॉप घरी चालू ठेवून जायचो. गेम उघडा, खेळतंय कुणी नाही, पंखा ओरडतोय. "खेळतोय का रं?" तो कामावर जाताना बांधावरून विचारायचा. "चालू आहे," असं मी गाडीला किक मारत सांगायचो.

आणि मग तो गुरुवार आला. पुण्यातली एक टीम, मोठ्या स्पर्धा खेळणारी, त्यांना पाचवा गडी पाहिजे होता. ह्याचा खेळ त्यांनी बघितला होता. गुरुवारी अकरा ते एक चाचणी, ऑनलाईन. चांगला खेळला तर घेणार, राहायची सोय पण करणार. मंगळवारीच तो माझ्याकडं आला. चेहरा असा की बघवत नव्हता, इतका आनंद.

"दोन तास दे फक्त. बदल्यात माझा आख्खा सोमवार घे."

"बघतो," मी म्हणालो.

त्या गुरुवारी मी टोमॅटोचे क्रेट घेऊन नारायणगावला बाजारात जाणार होतो. दुपारपर्यंत मी घरात नसणार, हे त्यालाही माहीत होतं. बुधवारी संध्याकाळी तो बॅग घेऊन आला तेव्हा त्यानं स्क्रीन स्वच्छ पुसून ठेवली होती.

"मग उद्या?"

"उद्या माझा वार आहे."

तो हसला. त्याला वाटलं, मी गंमत करतोय. "तू तर बाजारात चाललाय."

"चाललो असंन. वार माझा आहे."

"आरं, खरंच न्हाई देणार?"

"एकदा दिला की पुढं धरून चालशील."

वडिलांचं वाक्य माझ्या तोंडातून जसंच्या तसं बाहेर पडलं. त्यानं बॅग माझ्या हातात दिली. मला वाटलं भांडेल, कॉलर धरेल. धरायला पाहिजे होती. तो "बरं" म्हणाला, यादीच्या वेळी म्हणाला होता तसंच, आणि बांधावरून परत गेला.

सकाळी मी लॅपटॉप लोखंडी कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली पॅंटच्या खिशात घातली. बाजारात क्रेट उतरवताना ती मांडीला टोचत होती. अकरा वाजले तेव्हा मी मोबाईल काढून वेळ बघितली. आता सुरू झालं असेल. त्याच्या जागी दुसराच कुणीतरी खेळत असेल. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? त्या दिवशी मालाला भावही चांगला मिळाला. मी मिसळ खाल्ली, जास्तीचे दोन पाव मागितले आणि एक वाजेपर्यंत मुद्दाम बाजारातच रेंगाळलो.

घरी आलो तर चुलती बांधावर उभी. तिला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. म्हणाली, "ह्यानं आज रजा टाकली व्हती म्हणं. आन् साडेअकराला उठला आन् कामावर गेला. काय झालंय रं त्याला?" मी म्हणालो, मला काय माहीत.

पुढच्या सोमवारी तो बॅग न्यायला आला नाही. मीच बांधावर घेऊन गेलो. "तुझा वार आहे," म्हणालो. "राहू दे तुझ्याकडंच," म्हणाला. आवाजात राग नाही, टोमणा नाही. त्याच्या अर्ध्या पैशाचंही त्यानं कधी नाव काढलं नाही. आठवड्याचे सातही दिवस माझे झाले. मी खेळ खेळ खेळलो आणि होतो तिथंच राहिलो. गुरुवारी सवयीनं त्याचा क्रमांक बघायचो. तो पण तिथंच थांबलेला.

मग वर्षभरानं त्याच्या टेबलावर कॉम्प्युटरचं एक रिकामं कॅबिनेट आलं. एका बाजूला काच असलेलं, आत काही नाही. तो ते पुसून ठेवायचा. मला खिडकीतून दिसायचं आणि, हसू नका, मी त्या रिकाम्या डब्यावर जळायचो. पुढं पॉवर सप्लाय आला, मग बोर्ड, मग कुणाचं तरी वापरलेलं कार्ड. पगारातून एकेक वस्तू, त्या घडी घातलेल्या यादीप्रमाणं. ज्या दिवशी काचेतून लाल-निळे दिवे दिसले त्या दिवशी मी आमच्या खोलीची खिडकी लावून घेतली. त्याच्या मशीनचा आवाज येत नाही म्हणे. माझं आत ओरडत होतंच.

कुठल्या टीमसाठी मात्र तो नंतर कधी खेळला नाही. "आता हात पयल्यासारखा राहिला न्हाई," असं तो शेडवरच्या कुणाला तरी सांगत होता, ते मी ऐकलं. इतकी वर्षं मला हेच पाहिजे होतं. ऐकून काही बरं वाटलं नाही.

कॉलेज संपलं, मी शेती बघायला लागलो. ह्या उन्हाळ्यात आमची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली. नेमके आमचे वार. गुरुवार गेला, शुक्रवार गेला, शनिवारही गेला. माझा टोमॅटो फुलावर आला होता. रविवारीही लाईट नाही. पानं दुपारची माना टाकायची आणि संध्याकाळी उचलायचीही बंद झाली. डीपी बसली सोमवारी सकाळी. सोमवार, म्हणजे त्यांचा वार. अजून तीन दिवस मला पाण्याचा थेंब नाही.

मी विहिरीवर जाऊन उगीच उभा राहिलो. मागायला नाही, कुठल्या तोंडानं मागणार? तो कामावर जायच्या आधी मोटार चालू करायला आला. त्याची काकडीही सुकलेली होती, वेल मंडपावर नुसते लोंबत होते. त्यानं माझ्या रानाकडं बघितलं.

"फुलं गळत्यात तुझी," म्हणाला.

त्यानं खिशातून पेटीची किल्ली काढली आणि माझ्या हातावर ठेवली.

"आधी तू पाणी सोड. दुपारनं जेवायला आलो की मी धरतो."

"तुझा वार आहे."

"म्हाईत हाय," म्हणाला, आणि गाडीवर बसून गेला.

माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? मोठेपणा पण ह्यालाच. देणं सुद्धा ह्यालाच जमतं. तिथं उभ्या उभ्या मला त्याचा इतका राग आला की किल्ली विहिरीत फेकून द्यावी. पण टोमॅटो वाळत होता. मी पेटी उघडली आणि हिरवं बटण दाबलं. पाणी पाईपातून रानात गेलं. मी बांधावर बसून राहिलो, किल्ली मुठीत.

रान भिजायला दोन तास लागले. त्यानं मागितले होते तेवढेच.