बैलापुढची मोरवेल

माझं माहेर अकोले तालुक्यातल्या डोंगरात. तिथून मोरवेलीची मुळासकट फांदी ओल्या फडक्यात बांधून मी पाथर्डीला सासरी आणली आणि न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढवली. दिवाळीच्या सुमारास ती पांढऱ्या फुलांनी भरून जायची. बहात्तरच्या दुष्काळात सगळी आळी वाळून गेली, तरी आमच्या कुडावर तेवढी एक हिरवी होती.

वैरण संपली त्या दिवशी सासूबाई विळा घेऊन वेलीपाशी आल्या. उरलेला एकुलता बैल दावणीला उपाशी उभा होता.

"आत्याबाई, ही नका घालू त्याला," मी म्हणाले. "आमच्याकडं गुरं हिला तोंड लावत नाहीत. रस लागला की जीभ सोलून निघते."

"जनावर मेलं तरी चालंल, पन माहेरची येल वाचली पायजे, व्हय गं?"

मी नवऱ्याकडं पाहिलं. तो दाव्याची गाठ चाचपत बसला. मी आडवी आले, तर सासूबाईंनी मला कोपरानं बाजूला सारलं आणि वेल बुडापासून कापली.

भारा बैलापुढं पडला. त्यानं मान खाली घातली. माझा जीव टांगणीला लागला. भुकेपोटी खाल्लंच तर? त्यानं हुंगलं, जोरात फुरफुरला आणि शिंगानं सगळी वेल लांब ढकलून दिली.

"खरंच की गं," सासूबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

पुढच्या पावसात वेल बुडख्यातून पुन्हा फुटली. माझा राग मात्र आजही गेलेला नाही. त्या घरात माझ्या तोंडाला नव्हती, ती किंमत बैलाच्या नाकाला होती.