जुनी की नवी

शाळेच्या क्लार्कचा मेसेज आला तेव्हा मी किन्हवलीहून एसटीने शहापूरला घरी येत होते. ‘मॅडम, इन्कम टॅक्स जुना की नवा? उद्यापर्यंत कळवा.’ मला साधी साडी निवडायला अर्धा दिवस लागतो. इथे वर्षभराचा कर निवडायचा होता.

आम्हा शिक्षकांच्या पगारातून दर महिन्याला पेन्शनसाठी हिस्सा कापतात आणि सरकार त्यात आपला हिस्सा घालतं. जुन्या करपद्धतीत माझा कापलेला हिस्सा उत्पन्नातून वजा धरतात, म्हणजे तेवढ्यावर त्या वर्षी कर लागत नाही. नव्या पद्धतीत दर कमी, पण सूट फक्त सरकारच्या हिश्श्याला, माझ्या नाही. वर घराच्या कर्जाचं व्याजही जुन्यातच वजा होतं. एवढं करून म्हातारपणी हातात काय पडणार, ते मात्र कोणी छातीठोकपणे सांगत नाही. मी आकडे मांडले, खोडले, पुन्हा मांडले, आणि शेवटी ‘जुनी’ असं कळवून टाकलं.

वडिलांना याची भानगड नव्हती. ते प्राथमिक शिक्षक म्हणून निवृत्त झाले तेव्हा जुनी पेन्शन होती, ठरलेली, जन्मभराची. माझ्या वेळेपर्यंत ती बंद झाली. त्यात मी लग्न केलेलं नाही, म्हणून माझ्या म्हातारपणाचा घोर माझ्याआधी त्यांनाच लागलेला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. पेपर माझ्याकडून वाचून घ्यायचे, पण ऑपरेशनचं नाव काढलं की एकच उत्तर : “ऱ्हाऊ दे. माज्यामागं तुला लागतील ते पैशे.” मी चिडायचे, भांडायचे. उपयोग शून्य.

त्या संध्याकाळी चहा देताना मी म्हणाले, “बाबा, मी जुनीच घेतली.”

“जुनी? खरंच?”

“हो. क्लार्कला कळवलंसुद्धा.”

त्यांनी देवापुढे हात जोडले. थोडा कर वाचला म्हणून एवढं? मला हसूच आलं. सकाळी मात्र ते आपणहून म्हणाले, “डाक्टरकडं कदी न्यायचं मला?”

मुरबाडच्या दवाखान्यात, पहिल्या डोळ्याच्या ऑपरेशनआधी, शेजारच्या अनोळखी म्हाताऱ्याला ते सांगत होते, “आता काय काळजी नाय. पोरीला जुनी पेन्शन मिळाली.”

शिक्षकाच्या घरात ‘जुनी’ म्हटलं की दुसरं काय ऐकू येणार! मी तोंड उघडलं, तेवढ्यात नर्स डोळ्यात थेंब घालायला आली. त्यांनी माझा हात चाचपून धरला. “जुनीच ना गो? परत बदलनार नाय ना?”

“जुनीच, बाबा.”

शब्द खोटा नव्हता. तरी मला रडू आलं.

ऑपरेशन छान झालं. दुसरा डोळा पुढच्या महिन्यात करायचा ठरला आणि माझ्या जिवाला घोर लागला. तेवढा एक डोळा होऊ दे, मग सांगते, असं रोज स्वतःला बजावायचे. त्यांचे जुने सहकारी भेटायला आले की मी चहाचं निमित्त करून तिथेच घुटमळायचे, विषय पेन्शनकडे वळला की मध्येच पावसापाण्याचं काढायचे. पेपर बंद करावा असंही मनात आलं, पण इतक्या दिवसांनी स्वतः वाचणाऱ्या माणसाचा पेपर कसा बंद करणार?

एका रविवारी ते गॅलरीत बसून मोठ्याने वाचत होते. शाळेत वाचायचे तसे, एकेक शब्द सुटा करून. “जुन्या पेन्शनसाठी शिक्षकांचा मोर्चा.”

मी भाजी चिरत होते. सुरी थांबली.

“मग तुजी कुटली जुनी गो?”

मी सांगितलं. कराची जुनी, पेन्शनची नव्हे. सूट कसली, हिस्सा कसला, सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, रागावले नाहीत. पेपराची घडी घातली.

“दुसरा डोळा ऱ्हाऊ दे,” म्हणाले. “एकानं चांगलं दिसतंय.”