नॉर्मलचा तुकडा

तोंडातल्या कॅन्सरच्या गाठीला वास येतो. पुस्तकात तो कुणी लिहीत नाही. बर्फाच्या डब्यातून आलेला नखाएवढा तुकडा खलात घोटताना तो वास नाकात असा बसायचा की दुपारचा डबा मी बरेचदा कुत्र्यांना घातला आहे.

माझं पीएचडीचं काम सांगायला सोपं होतं. पेशी श्वास घेतात ते काही एन्झाइमांच्या जोरावर. प्रत्येक पेशंटचे दोन तुकडे यायचे, एक गाठीचा आणि एक त्याच तोंडातल्या चांगल्या जागेचा, म्हणजे नॉर्मल. दोन्हींत एक रसायन घालायचं. एन्झाइम धडधाकट असेल तर नळी लालभडक होते. गाठीची फिकट राहते, कारण तिथलं एन्झाइम मरगळलेलं असतं.

पण आमच्याकडे नॉर्मलही फिकटच निघत होतं. मग गाइड सरांनी ठरवलं की दाढ काढायला येणाऱ्यांपैकी तंबाखू न खाणाऱ्यांच्या हिरडीचा कण घ्यायचा. तोही फिकट. वैतागून मी स्वतःच दातांच्या ओपीडीत जाऊन बसले.

दुर्गजवळच्या जुनवानीकडची एक बाई आली. "तंबाखू खाती हो?" तिथल्या डॉक्टरांनी विचारलं. तिने मान हलवली, नाही. दात मात्र मुळापासून काळे. मी दातांचं विचारल्यावर तिने कमरेची डबी काढून दाखवली. गुडाखू. तंबाखू, गूळ आणि चुना कुटून केलेला तो काळा चिखल, बोटाने हिरड्यांना चोळायचा.

"ओ तो दाँत घिसे बर आय, बाई," ती छत्तीसगढीत म्हणाली, म्हणजे ते तर दात घासायला. खोटं बोलत नव्हती ती. इथे गुडाखू व्यसनात धरतच नाहीत, ते मंजन.

सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "पूछा तो ना बोली न? फिर नॉन-टोबॅको में रखो." तिचा कण 'निरोगी' म्हणून जमेस धरला गेला. त्या दिवशी मला गाठीपेक्षा सरांचीच जास्त शिसारी आली.

आणि मग आठवली आई. आम्ही नागपूरकडचे, बाबा रेल्वेत. दुर्गच्या रेल्वे क्वार्टरात आईने शेजारणींकडून गुडाखू उचललं, आणि तिथेच पद्मनाभपुरात स्वतःचं घर झालं तरी सुटलं नाही. सकाळी आधी ती डबी, मग चहा. बेसिनमध्ये तिची ती तपकिरी थुंकी पाहिली की मला ओकारी यायची, अजूनही येते. तिच्या खालच्या ओठाच्या आत एक जखम बरी होत नव्हती. दुर्गच्या डॉक्टरांनी दाताची धार लागते म्हणून दात घासून दिला होता.

"त्यांनी तंबाखूचं विचारलं नाही का?" मी घरी येऊन विचारलं.

"इचारलं ना. नाही म्हणलं. म्या कधी तंबाखूले हात लावला काय?"

मला तिचा राग आला, त्या डॉक्टरचा आला, त्या प्रश्नाचा आला. दुसऱ्याच दिवशी तिला घेऊन मी माझ्याकडे तुकडे पाठवणाऱ्या सर्जनकडे गेले. त्यांनी तोंड बधिर करून जखमेचा कण काढला, तपासणीसाठी बाटलीत टाकला. मग स्वतःहून म्हणाले की बधिर केलंच आहे, तर तुमच्या कामासाठी चांगल्या जागेचाही एक घेऊन ठेवतो.

"घेऊ दे ना त्याईले," आई जड जिभेने म्हणाली. "तुह्या कामाले येत असन त."

सर्जननी टॉर्च उजव्या गालात फिरवला. मग डाव्या. जीभ उचलून खाली पाहिलं, ओठ उलटून हिरडी पाहिली, पुन्हा उजव्या गालाकडे आले. मी त्यांच्या खांद्यावरून बघत होते. सगळीकडे पांढरट, जाड, सुरकुतलेलं.

त्यांनी टॉर्च बंद केला. "मॅडम, नॉर्मल कहाँ से दूँ?" ते हळू म्हणाले.

आई तोंड उघडं ठेवून तशीच बसली होती.