दाजींनी भरलेले दोन सुरुंग

दाजी गेल्याचं सांगायला निमगाव साव्याहून माणूस आला, तेव्हा मी जुन्नरच्या शाळेत मुलांकडून पाढे म्हणवून घेत होतो. "मास्तर, तुमचं दाजी गेलं. तीन दिस ताप व्हता..." मग तो खाली बघत म्हणाला, "हिरीत दोन सुरुंग भरल्यालं तसंच हाईत. वात पेटवायच्या आदीच ताप चढला. आता कुणी खाली उतरंना, राव." खरं सांगतो, मला आधी रडू आलं नाही, आधी त्या सुरुंगांची भीती वाटली. बहिणीचा संसार मोडला, आणि मी शहाणा कातळातल्या, सुरुंगाची दारू ठासलेल्या दोन भोकांना घाबरतोय! माझी मलाच लाज वाटली, पण भीती काही हलली नाही.

योहान दाजी म्हणजे माझ्या मार्था अक्काचे यजमान. विहिरी खोदणं हा त्यांचा धंदा. आमच्या ख्रिस्ती वस्त्यांना गावच्या पाणवठ्यावर कोण उभं करणार? तेव्हा जिथं चार घरं प्रभूची झाली, तिथं दाजी पहार घेऊन हजर. या धंद्याचा एक रिवाज आहे. ज्यानं सुरुंग भरला त्यानंच तो पेटवायचा. नाही उडाला तर त्यानंच उतरून मोकळा करायचा. आणि तो नसेल, तर त्याच्या घरातल्या माणसानं. अक्काला मूलबाळ नाही. राहिलो मी. चार वर्षं मी दाजींबरोबर कातळ फोडला होता, आणि एका रविवारनंतर जो पळालो तो खडू हातात घेऊनच थांबलो.

तो रविवार आणे गावच्या पठारावरचा. मोठा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. विहीर चार पुरुष, म्हणजे चार माणसांच्या उंचीइतकी, खोल गेली होती आणि तळाच्या एका कोपऱ्यात पाझर लागला होता. शनिवारी संध्याकाळी आम्ही पाच सुरुंग भरले. पाचवा मी भरला, त्या पाझराशेजारी. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेचा वार, हत्याराला हात लावायचा नाही, म्हणून सगळ्यांची आवराआवर चाललेली. वाती ओळीनं, माझी शेवटची, पेटवून आम्ही वर पळालो. आवाज मोजायचं काम माझं. मी चार ऐकले. दाजींनी विचारलं, "किती?" मी म्हणालो, "पाच." का म्हणालो? घरी जायचं होतं, दुसरं काय! दोन एकदम उडाले असतील, अशी मनाची समजूत घातली आणि भाकरी खाऊन झोपलो.

सकाळी प्रार्थनेला बसलो, डोळे मिटले, आणि आठवलं... रविवारी काम बंद म्हणून वस्तीतल्या बायका पाण्याला उतरतात. पाझर मोकळा करायला कुदळ नेतात. कुदळ लोखंडाची, आणि खाली माझी दारू! मी सरकत सरकत दाजींच्या कानाशी गेलो. "दाजी, चारच उडालं. एक हाय तसाच." ते माझ्याकडे बघतच राहिले. चिडले असते तर बरं वाटलं असतं. ते उठले आणि भर उपदेशात बाहेर पडले. उपदेशकसाहेब दारापर्यंत मागे आले. "योहान, आज प्रभूचा वार आहे!"

"व्हय साहेब," दाजी म्हणाले, "पर कालचं काम अर्धं ऱ्हायलंय."

आम्ही पोचलो तेव्हा दोघी बायका पायऱ्यांवर होत्या, कुदळ खाली टेकायचीच बाकी. दाजींनी ओरडून त्यांना वर घेतलं. मग माझ्याकडे वळले. सुरुंग माझा, उतरायचं मी. मी काठापर्यंत गेलो आणि मागं सरलो. त्यांनी स्वतःच्या कमरेला दोर बांधला, दुसरं टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "नीट धर. मला बी लई भ्या वाटतंय." एवढा पहाडासारखा माणूस! त्याच बायकांनी घरातलं पाणी आणून घागरींनी खाली सोडलं. दारू भिजावी म्हणून दाजी भोकात पाणी जिरवत होते आणि लाकडी काडीनं भिजलेली माती कणाकणानं काढत होते. हे सगळं किती वेळ चाललं, देव जाणे. वर आले तेव्हा दोर माझ्या तळव्यात रुतला होता.

त्यांनी मला कधी बोल लावला नाही. एकदाच, मी काम सोडतो म्हणालो तेव्हा, म्हणाले, "बुरूज अर्धा टाकणाऱ्याला लोक हसत्यात, आसं प्रभूनं सांगितलंय. अर्ध्या हिरीला कुणी हसत न्हाई. तिच्यात माणूस मरतं." मग जरा वेळानं, "वधस्तंभावर त्याला काय भ्या वाटलं नसंल? पर अर्ध्यात खाली उतरला न्हाई त्यो. उतरला आसता तर आपण कुटं आसतो रं?" मी मान डोलावली आणि शाळेत नोकरी धरली.

गेल्या आठवड्यात निमगाव साव्याला गेलो. महिना लागला मला तेवढं अंतर कापायला. त्या महिन्यात वस्तीच्या बायका दुसऱ्या वाडीवरून पाणी आणत होत्या, आणि अक्कानं मला पुन्हा एकदाही निरोप धाडला नाही. दोर तिनंच धरला. खाली उतरलो, पहिल्या भोकात पाणी ओतलं, तासभर काडीनं माती काढली, दारूचा काळा चिखल हाताला लागला आणि दुसऱ्या भोकाकडे बघवेना. मी दोर हलवला. अक्कानं आणि दाजींच्या दोघा गड्यांनी मला वर ओढलं. काठावर सगळी वस्ती जमलेली, बायका रिकाम्या घागरी घेऊन उभ्या.

"दोन्ही झालं?" अक्कानं विचारलं.

हो म्हणायला जीभ वळली होती. इतक्या वर्षांनी, तश्शीच. अक्का माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि एक बाई घागर काखेला लावून पायरीवर पाऊल टाकतच होती...

"थांबा!" मी ओरडलो. "एकच झालाय."

अक्कानं हातातला दोर आणखी एक वेढा घेऊन आवळला. मी कमरेची गाठ चाचपली आणि परत खाली उतरलो.