बाईंच्या चुका

सदर व्यक्ती प्राथमिक विभागात सहायक शिक्षिका या पदावर कायमस्वरूपी कार्यरत असून तिची वर्तणूक समाधानकारक, उंची बेताची, आवाज मागच्या भिंतीपर्यंत पोहोचेल इतपत आणि चष्मा गळ्यात दोरीला बांधलेला आहे. संपूर्ण सेवाकाळात तिच्याविरुद्ध एकच शेरा नोंदवण्यात आला आहे : ‘फळ्यावर चुका करते.’

शेरा खरा होता. बाई चुका करत, आणि ठरवून करत. गायीला पाच पाय काढत, गुरुवारच्या पाठोपाठ मंगळवार आणत, सूर्य खुशाल उत्तरेला उगवत. मग बाजूला सरकून असा काही भोळा चेहरा करत की बघणाऱ्याला दया यावी. लगेच वर्ग छप्पर डोक्यावर घ्यायचा : “बाई, चूक!” जो आधी पकडेल त्याला डस्टरने ती पुसायचा मान. एरवी बाकावर पेंगणारी पोरंसुद्धा या मानासाठी डोळ्यांत तेल घालून बसत.

परिपत्रकांवर बाईंचा राग नव्हता. पावसापाण्याला तोंड द्यावं तसं त्या परिपत्रकांना देत. ‘आनंददायी शिक्षण सप्ताहा’त मुलांना झालेला आनंद शनिवारी दुपारपर्यंत कळवायचा होता. बाईंनी तो शुक्रवारीच कळवून टाकला आणि शनिवारी मुलांना मैदानात मोकळं सोडलं.

या वेळच्या कागदात मात्र दोन कलमं होती. ‘फलकावरील मजकूर सर्वकाळ त्रुटिविरहित असावा’ हे पहिलं. बाईंनी ते हसण्यावारी नेलं. दुसरं घशात अडकलं. तपासणीत तोंडी उत्तर न देणारं मूल गावाच्या दुसऱ्या टोकाच्या विशेष शाखेत पाठवायचं होतं.

असं मूल वर्गात एकच. भट्टीवाल्याची मुलगी.

बाप बेकरीत रात्रपाळीला भट्टीवर असे. सकाळी सुटला की घरी जाऊन मुलीला घ्यायचा आणि तांबारलेल्या डोळ्यांनी शाळेच्या फाटकात सोडायचा. पिठाने पांढरे झालेले हात पाठीमागे लपवून तो बाईंशी बोलायचा.

“घरी कान किटवते हो बाई. भिंतीशीपण बोलते. इथंच काय दातखीळ बसते, देव जाणे.”

“बसू दे. लिहिते, ऐकते, हसतेसुद्धा. बोलेल.”

“तिकडं लांब धाडली तर आणायला-सोडायला कोण जाणार? माझी झोप गेली तर भट्टी जाते, अन् भट्टी गेली तर… मग घरीच बसेल पोर.”

“मी आहे ना,” बाई म्हणाल्या, आणि लगेच त्यांच्या लक्षात आलं, की आपण काय म्हणून आहोत हे आपल्याला सांगता येणार नाही.

त्या संध्याकाळी त्यांनी घरी चहात मीठ घातलं. नवऱ्याने कप खाली ठेवला.

“हे मुद्दाम, की खरंच?”

“खरंच हो. सुचेनासं झालंय काही.”

“बरं झालं सांगितलंस. मी ‘चूक’ म्हणून ओरडणार होतो.” त्याने चहा ओतून दिला आणि दुसरं आधण स्वतः ठेवलं. “अगं, पोरीला बोलायचं असेल तेव्हा बोलेल. तूसुद्धा लग्नानंतर पहिला महिनाभर गप्पच होतीस.”

“आणि मग?”

“मग काय, ते दिवस आठवतो कधीकधी.”

तपासणीच्या दिवशी मुख्याध्यापक आधीच वर्गात येऊन दम भरून गेले. साहेबांसमोर कुणी ‘चूक’ म्हणून ओरडला, तर खेळाचा तास कायमचा बंद. “आणि बाई, तुम्हीही हात आवरा.” बाईंनी मान डोलावली. त्यांचं सगळं लक्ष भट्टीवाल्याच्या मुलीकडे होतं.

साहेब तरुण होते, दमलेले होते, आणि दुपारी त्यांना आणखी एक शाळा उरकायची होती. त्यांनी ‘फलक त्रुटिविरहित’ या चौकटीत आधीच बरोबरची खूण केली, कारण ती चौकट पहिली होती. मग मुलीला उभं केलं.

“बाळ, नाव काय तुझं?”

मुलगी साहेबांच्या बुटांकडे बघत राहिली.

“शाळा आवडते? बरं, आवडता प्राणी?”

मुलीच्या फ्रॉकची कड तिच्या मुठीत चुरगळत गेली. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

“साहेब, एवढं एक उदाहरण होऊ द्या,” बाई घाईघाईने म्हणाल्या. नुसता वेळ काढायचा होता. त्यांनी फळ्यावर बावन्नातून सत्तावीस वजा केले आणि खाली ठसठशीत उत्तर लिहिलं : पस्तीस.

वर्गाने पाहिलं. पोरांनी ओठ घट्ट मिटले. पुढच्या बाकावरच्या एकाने तर दोन्ही हात तोंडावर दाबून धरले. बाईंनी मुद्दाम सोडलेलं सावज समोर हिंडत होतं आणि खेळाच्या तासापायी हात बांधलेले. बाई मात्र खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांना काही कळलंच नव्हतं.

मुलगी बाक सोडून चालत फळ्यापाशी आली. तिने बाईंचा पदर ओढला.

“बाई,” ती म्हणाली. आवाज थोडा घोगरा, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा. “ही खरी चूक आहे.”

बाईंनी वळून फळ्याकडे पाहिलं. हातचा घ्यायचा राहून गेला होता.

“खरी म्हणजे?” साहेबांचं पेन हवेतच राहिलं.

“खोटी करताना बाई आधी चष्मा वर करतात. आज नाही केला.” मग बाईंकडे बघून, समजूत घातल्यासारखं : “खोट्या तुम्हाला माहीतच असतात ना. म्हणून मी सांगत नाही.”

 बाईंनी डस्टर मुलीच्या हातात दिलं. तिचा हात पोहोचेना, तेव्हा तिला कडेवर उचललं. साहेब एकदा आपल्या चौकटीकडे आणि एकदा फळ्याकडे बघत राहिले. शेवटी त्यांनी खूण खोडली आणि पहिल्यांदाच हसले.

अहवाल यथावकाश आला. ‘सदर शिक्षिकेस वजाबाकी या घटकाचे उजळणी प्रशिक्षण देण्यात यावे. संबंधित विद्यार्थिनीची मौखिक अभिव्यक्ती समाधानकारक व उत्स्फूर्त असून तिला विशेष शाखेत वर्ग करण्याची आवश्यकता नाही.’

पुढचा आठवडाभर ती वर्गात एक अक्षरही बोलली नाही.